सोयाबीनचे पोते आणि जमिनीचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव तेरणा नदीच्या काठी वसले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचे नाव तगर असे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या व्यापारी प्रवासवृत्तांतात त्याचा उल्लेख आढळतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असून तेथून साधे कापड व मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाते, असे त्यात नमूद केले आहे. परमुलखास माल पाठविणे ही गोष्ट या भागास नवी नाही, हे त्यावरून ध्यानात येईल. तगरच्या कापडाकडे आपणांस पुढे एकदा पुन्हा वळावयाचे आहे, म्हणून आरंभीच त्याची आठवण करून दिली.

आज या जिल्ह्यातून बाहेर जाणारा मुख्य माल म्हणजे सोयाबीन. खरिपाच्या एकूण पेऱ्यापैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक क्षेत्र या एकाच पिकाखाली असते. कळंब, वाशी, धाराशिव, तुळजापूर, लोहारा, उमरगा यांपैकी कोणत्याही तालुक्यात ऑगस्ट महिन्यात फिरावे, तर दृष्टी पोहोचेल तेथवर हेच पीक उभे दिसते. हे पोते बाजारात गेल्यावर त्याचे काय होते, त्याचा भाव कोठे ठरतो, आणि त्याबरोबर आपल्या रानातून नेमके काय निघून जाते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हे पीक येथे कसे रुजले

सोयाबीन हे मूळचे चीनकडील पीक. आपल्या देशात त्याची व्यापारी लागवड १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. पंतनगर व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने या पिकावर प्रयोग केले आणि मध्य प्रदेशातील माळव्यात ते प्रथम पसरले. मराठवाड्यात त्याचा खरा विस्तार १९९० नंतरचा. १९९४ मध्ये प्रसारित झालेला जे. एस. ३३५ हा वाण येथील शेतकऱ्यांच्या हाती आला. पुढे परभणी येथील कृषी विद्यापीठाने एम. ए. यू. एस. ७१, १५८, १६२, ६१२ यांसारखे वाण दिले.

त्यापूर्वी येथील खरीप म्हणजे मूग, उडीद, तूर, खरीप ज्वारी, भुईमूग, सूर्यफूल अशी मिश्र पिकांची रांग असे. मांजरा व तेरणेच्या खोऱ्यांतील भारी जमिनी, तसेच परंडा व भूम भागातील काळी राने पावसाळ्यात पुष्कळदा मोकळी ठेवून रब्बी ज्वारीसाठी राखीत. सोयाबीनने ही रीत मोडली. शेतकऱ्याने ते का स्वीकारले, हे समजावयास कठीण नाही. पीक पंचाण्णव ते एकशे पाच दिवसांत निघते. दसरा-दिवाळीच्या सुमारास रोख पैसा हाती येतो. मळणी यंत्राने काम लवकर उरकते. कापसाप्रमाणे वेचणीसाठी महिनोन् महिने मजूर शोधावे लागत नाहीत. पाऊस बरा झाला तर त्याच रानात हरभरा घेता येतो. या जिल्ह्यात पक्के घर, लेकीचे लग्न, मुलाचे शिक्षण यांस सोयाबीनच्या पैशाचा मोठा हातभार लागला आहे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आणखी एक गोष्ट सोयाबीनच्या पदरात टाकली पाहिजे. काळी जमीन पावसाळाभर उघडी ठेवली म्हणजे मुसळधार सरींनी तिचा वरचा थर धुपून जातो. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने काळ्या जमिनींवर दीर्घकाळ प्रयोग केले. खरिपात पीक घेऊन रुंद वरंबा व सरी ठेवलेल्या जमिनीतून, पडीक ठेवलेल्या जमिनीच्या मानाने कितीतरी कमी माती वाहून जाते, असे त्यांत दिसून आले. तेव्हा सोयाबीनने जमिनीवर पावसाळ्यात हिरवे पांघरूण घातले, हा लाभच होय. ब्राझीलमध्ये सोयाबीनसाठी जंगले व गवताळ प्रदेश मोडले गेले, तसे येथे घडले नाही. येथील राने पूर्वापार कसलेलीच होती. येथील हानी निराळ्या वाटेने येते.

भाव कोठे ठरतो

२०२४ च्या हंगामात पुष्कळ शेतकऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता. सरकारने परदेशी तेलावरील आयात शुल्क वाढविले, दुकानातील तेल महागले, मग सोयाबीनचा भाव का वाढला नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर सोयाबीनच्या दाण्यातच दडलेले आहे.

गिरणीत शंभर किलो सोयाबीन गेले म्हणजे त्यातून सुमारे अठरा किलो तेल निघते, ऐंशी किलोच्या आसपास पेंड निघते व उरलेली घट असते. म्हणून सोयाबीनला तेलबी म्हणत असले तरी वजनाच्या दृष्टीने ते पेंडीचे पीक आहे. गिरणीवाला तेलाची व पेंडीची मिळून किती किंमत येईल हे पाहतो, त्यातून आपला खर्च व नफा वजा करतो आणि उरेल तेवढा भाव मोंढ्यात बोलतो. पेंड किलोमागे एक रुपयाने उतरली तर क्विंटलमागे ऐंशी रुपये जातात. तेल किलोमागे एक रुपयाने चढले तर केवळ अठरा रुपये येतात. उदाहरणादाखल तेल किलोस १२० रुपये व पेंड किलोस ४० रुपये धरली, तर एका क्विंटलपासून २,१६० अधिक ३,२००, म्हणजे ५,३६० रुपयांचा माल होतो. पेंड ३२ रुपयांवर आली तर तोच आकडा ४,७२० वर येतो. ही घट केवळ तेलाने भरून काढावयाची तर तेल किलोमागे पस्तीस रुपयांनी चढावे लागेल.

२०२४ मध्ये नेमके असेच घडले. त्या वर्षीच्या १४ सप्टेंबरपासून कच्च्या खाद्यतेलावरील एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के झाले. परंतु त्याच काळात जगात पेंड स्वस्त होती, आणि देशात मका व तांदळापासून इथेनॉल बनविताना उरणारा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला होता. हमीभाव ४,८९२ रुपये असताना अनेक बाजारांत सोयाबीन चार हजार ते साडेचार हजारांच्या दरम्यान विकले गेले. २०२५ च्या मे महिनाअखेर कच्च्या तेलावरील शुल्क पुन्हा उतरविण्यात आले. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव ५,३२८ रुपये ठरला. पण हमीभावाने विकावयाचे तर नोंदणी हवी, खरेदी केंद्र जवळ हवे आणि दाण्यातील ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेल्या मालाचा ओलावा ही मर्यादा सहज ओलांडतो. २०२४ मध्ये ती पंधरा टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली, ती याच कारणाने.

पेंडीच्या निर्यातीचा इतिहास पाहिला तर हा आधार किती हलता आहे ते कळते. २०१२-१३ च्या सुमारास देशातून वर्षाला तीस लाख टनांहून अधिक सोयापेंड परदेशी जात होती. २०१५-१६ मध्ये ती एक लाख टनांच्याही खाली आली. ब्राझील व अर्जेंटिना यांची पेंड स्वस्त, आपली महाग, एवढे कारण त्यास पुरे झाले. २०१८-१९ मध्ये इराण हा मोठा गिऱ्हाईक होता. पुढे तो मागे पडला व बांगलादेश, नेपाळ, जर्मनी, फ्रान्स यांची नावे पुढे आली. आपली पेंड जनुकीय बदल न केलेल्या बियाण्याची असते, म्हणून युरोपातील काही गिऱ्हाइके तिला थोडा अधिक भाव देतात, एवढी एक जमेची बाजू आहे. आज देशातील पेंडीचा मोठा भाग देशातीलच कोंबड्यांच्या खाद्यात जातो. परंतु भाव मात्र जगाच्या बाजाराकडे पाहूनच ठरतो. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात सोयाबीन क्विंटलमागे दहा हजार रुपयांच्या घरात गेले. त्याच महिन्यात कुक्कुटपालकांच्या मागणीवरून बारा लाख टन परदेशी पेंड आणण्यास परवानगी देण्यात आली, आणि नवा माल मोंढ्यात येईतो भाव निम्म्याच्या आसपास उतरला. ज्याने भाव पाहून पेरले त्याच्या हाती पडला तो निराळाच भाव.

याचा अर्थ असा नव्हे की शेतकरी अगदीच निरुपाय आहे. ब्राझीलचे पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. तेथील पीक व पाऊस कसा आहे याचे वर्तमान डिसेंबर-जानेवारीपासूनच बाजारात उमटू लागते. म्हणून सोयाबीन घरात ठेवून वाट पाहणाऱ्याने वृत्तपत्रात केवळ लातूरचा भाव पाहू नये, पेंडीचा भावही पाहावा. ज्यास दिवाळीसाठी पैशाची निकड आहे त्याने सर्व माल एकदम काढण्याऐवजी बाजार समितीच्या शेतमाल तारण कर्ज योजनेची चौकशी करावी. या योजनेत गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांच्या मुदतीवर मिळते. अर्थात भाव वाढेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. निम्मा माल विकावा व निम्मा ठेवावा, हा मधला मार्ग आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.

पोत्याबरोबर जमिनीतून काय जाते

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सोयाबीन हे शेंगवर्गीय पीक असल्याने ते जमिनीत नत्र साठविते व रान सुपीक करून जाते, असा समज सर्वत्र आहे. तो अर्धाच खरा आहे.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ३८ ते ४० टक्के प्रथिने असतात. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे सोळा टक्के भाग नत्राचा असतो. हिशेब केला तर एका क्विंटल दाण्यातून सहा किलोंच्या वर नत्र शेताबाहेर जाते. त्याखेरीज सुमारे सव्वा किलो स्फुरद, दोन किलोंच्या आसपास पालाश आणि पाव किलोंहून थोडे अधिक गंधकही जाते. एकरी सहा क्विंटल उतारा धरला तर नुसत्या दाण्यांतून छत्तीस किलो नत्र गेले. युरियाच्या पंचेचाळीस किलोंच्या पावणेदोन पोत्यांत असते तेवढे हे नत्र होय.

हे सर्व नत्र जमिनीतून येते असे नाही. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र धरून पिकाला देतात. परंतु पिकाच्या एकूण गरजेपैकी सामान्यतः निम्मा ते साठ टक्के भागच या मार्गाने भागतो. बाकीचे पीक जमिनीतून घेते. सहा क्विंटल दाणे, त्यांबरोबरची पाने, खोडे व शेंगांची टरफले मिळून पीक पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस किलो नत्र उचलते. त्यापैकी गाठींनी दिलेले चोवीस-सत्तावीस किलो आणि दाण्यांतून बाहेर गेलेले छत्तीस किलो. उणीव नऊ ते बारा किलोंची राहिली. शिफारशीत हेक्टरी तीस किलो, म्हणजे एकरी बारा किलो नत्र सांगितले आहे. ते जेमतेम ही उणीव भरून काढते. गळालेली पाने व मुळे लवकर कुजतात आणि पुढच्या हरभऱ्यास वा ज्वारीस त्यांचा फायदा मिळतो, हे खरे. पण भुसकटही रानाबाहेर नेले किंवा जाळले, तर शिल्लक काहीच राहत नाही.

नत्राची गोष्ट एकवेळ बाजूस ठेवू, कारण हवेत त्याचा अखंड साठा आहे. स्फुरद, पालाश व गंधक यांना हवेतून येण्याची वाट नाही. काळी जमीन पालाशाने पूर्वापार संपन्न आहे. म्हणून वीस-पंचवीस वर्षे ते न देताही पीक येत राहते आणि उणीव डोळ्यांस दिसत नाही. पुष्कळ शेतकरी पेरणीबरोबर डी. ए. पी. चे एक पोते देतात व खत दिले असे समजतात. त्या पोत्यात नत्र व स्फुरद आहे, पण पालाश नाही आणि गंधकही नाही. तेलबियांना गंधक लागते, एवढी गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ झाले.

आता तगरच्या कापडाची आठवण करावी. कापसाचा धागा कशाचा बनलेला असतो? हवेतील कर्बवायू, पाणी व सूर्याचा प्रकाश यांपासून झाडाने तयार केलेल्या काष्ठद्रव्याचा. त्यात नत्र, स्फुरद, पालाश यांचा अंश नावापुरता. जमिनीतून उचललेला माल राहतो तो सरकीत. तगरचे कापड भडोचला गेले तरी सरकी येथल्या रानाजवळच राहिली असणार. हवापाण्याचे ते परदेशी गेले आणि मातीचे ते मातीपाशी राहिले.

सोयाबीनचे तेलही नेमके तसेच आहे. शुद्ध तेलात नत्र नाही, पालाश नाही, गंधक नाही. तेही हवा, पाणी व ऊन यांचेच बनते. जमिनीतून उचललेले जवळजवळ सर्व काही पेंडीत उरते. आणि आपला व्यवहार कसा चालतो पाहा. देश दरवर्षी दीडशे लाख टनांहून अधिक खाद्यतेल परदेशातून विकत घेतो, त्यात अर्जेंटिना व ब्राझीलचे सोयातेल मोठ्या प्रमाणात असते, आणि पेंड मात्र आपण परदेशी पाठवितो. जे हवेतून फुकट मिळते ते पैसे देऊन आणतो, आणि जे जमिनीतून जाते व पुन्हा खताच्या पोत्यातून विकत आणावे लागते ते बाहेर धाडतो. शिवाय स्फुरदाची व पालाशाची खते किंवा त्यांचा कच्चा माल बहुतांशी परदेशातूनच येतो. एक लाख टन सोयाबीन जिल्ह्याबाहेर गेले तर त्याबरोबर सहा हजार टन नत्र, सुमारे साडेबाराशे टन स्फुरद आणि दोन हजार टन पालाश निघून जाते. मोंढ्यातील पट्टीवर भाव, वजन, हमाली, तोलाई लिहिलेली असते. हा हिशेब तेथे कोणी लिहीत नाही.

कडबा, शेण आणि शेळी

ज्वारीच्या पिकाचा निम्मा संसार कडब्यावर चालतो. दाणे घरात, कडबा दावणीस आणि शेण पुन्हा रानात, असा तो फेरा होता. ज्वारीचे क्षेत्र घटले आणि हा फेरा तुटला. सोयाबीनचे भुसकट खरखरीत असते, त्यातील काष्ठमय भाग जनावरास नीट पचत नाही, आणि गाय-म्हैस ते कडब्यासारखे आवडीने खात नाही. परिणामी ज्याच्याकडे पूर्वी बैलजोडी, दोन म्हशी व कालवडी असत, त्याच्याकडे आज पुष्कळदा एकही जनावर नसते. ट्रॅक्टरने मशागत होते, पण ट्रॅक्टर शेण देत नाही. कडब्याचा भाव शेकड्यामागे कोठे गेला आहे हे जनावरे सांभाळणाऱ्यास विचारावे.

या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी मात्र या बदलातही टिकून आहे. ती काटक आहे, एका वेतास पुष्कळदा दोन करडे देते आणि सोयाबीनच्या शेंगांची टरफले व पाला बऱ्यापैकी खाते. चांगले भुसकट पावसात भिजू न देता साठवावे, ज्वारी-मक्याच्या कुट्टीत किंवा हिरव्या चाऱ्यात मिसळून द्यावे. बुरशी आलेले भुसकट जनावरास मुळीच घालू नये. जे खाण्याजोगे नाही ते कंपोस्टच्या खड्ड्यात घालावे. ते जाळणे म्हणजे रानातील सेंद्रिय द्रव्यास काडी लावणेच होय. कच्चे सोयाबीन भरडून शेळ्या-कोंबड्यांना घालण्याचा मोह टाळावा. कच्च्या दाण्यात पचनास बाधा आणणारे द्रव्य असते, ते उष्णतेने नाहीसे होते. पेंड मात्र चालते.

जिल्ह्यातील शेतकरी उत्पादक कंपन्यांनी या दिशेने विचार करावा असे आम्हांस वाटते. दाणे विकण्याऐवजी येथेच तेल काढून पेंड येथल्याच दूधव्यवसायास, शेळीपालनास व कोंबड्यांना दिली, तर तिच्यातील नत्र-स्फुरद शेणखत व लेंडीखताच्या रूपाने पुन्हा रानात येईल. अडचण आहे ती मोठी. दाबयंत्राने काढलेल्या पेंडीत सहा-सात टक्के तेल उरते, मोठ्या गिरणीत ते एक टक्क्याच्या आसपास आणतात. म्हणून लहान यंत्राचा तेलाचा उतारा कमी पडतो. पण त्या तेलकट पेंडीचे पशुखाद्य म्हणून मोल अधिक असते, हेही हिशेबात धरावयास हवे.

एकाच पिकावरील जोखीम

सोयाबीन सर्वत्र झाल्याने कीड-रोगांसही सर्वत्र एकसारखे खाद्य मिळाले. २०२२ च्या जुलैमध्ये धाराशिव, लातूर व बीड जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळी रोपे फस्त केली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने दीर्घ उघडीप दिली आणि मागोमाग पांढऱ्या माशीने पसरणारा पिवळा मोझॅक मराठवाडा-विदर्भात फैलावला. त्याआधी २०१९ च्या काढणीत पाऊस लागल्याने बियाणे बिघडले व २०२० च्या जूनमध्ये कित्येक ठिकाणी ते उगवलेच नाही. २०२० च्या खरिपातील पीकविम्याच्या भरपाईसाठी या जिल्ह्यातील शेतकऱ्यांस उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागले. २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर भूम-परंडा भागात नद्यांचे पाणी गावांत व रानांत शिरले, काढणीस आलेले सोयाबीन गेले आणि कित्येक ठिकाणी मातीही खरवडून गेली. ज्याच्या रानात तुरीचे तास होते त्याचे काही तरी वाचण्याची आशा राहिली. ज्याचे सर्व रान सोयाबीनचे होते त्याचे सर्वच गेले.

सोयाबीन सोडून द्यावे, असा सल्ला देण्याचे आमच्या मनात नाही. तूर्त तितकी रोख देणारे दुसरे पावसाळी पीक येथे थोड्यांनाच जमेल. बदल करावयाचा तो पेरणीच्या रीतीत व फेरपालटात.

सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घ्याव्यात. तूर खोल मुळांची, सोयाबीन निघाल्यावर तीन महिने रान व्यापून राहते. एकाच शेतात वर्षानुवर्षे सोयाबीन घेऊ नये. रानाचे भाग पाडून दर वर्षी एका भागात मूग-उडीद किंवा ज्वारी घ्यावी. सोयाबीननंतर ओल असेल तेथे रब्बी ज्वारी, करडई वा हरभरा अवश्य घ्यावा, म्हणजे दाणा व चारा दोन्ही मिळतील. सोयाबीनवर वापरलेल्या काही तणनाशकांचा अंश जमिनीत राहून पुढच्या पिकास बाधतो. म्हणून डब्यावरील सूचना वाचल्यावाचून ती वापरू नयेत.

रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरणी केली तर उघडीप पडली असता सरीत मुरलेले पाणी उपयोगी पडते आणि अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते. त्यासाठीचे यंत्र नसेल त्याने नेहमीच्या तिफणीने पेरून दर चार ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडावी व तेथे सरी काढावी. तेवढ्यानेही काम भागते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमीन चांगली भिजल्याखेरीज पेरणीची घाई करू नये. बी तीन-चार सेंटिमीटरांहून खोल जाऊ देऊ नये.

खताविषयी सांगावयाचे तर परभणी विद्यापीठाची हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश व २० किलो गंधक ही शिफारस पाळावी. स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिल्यास गंधक त्याबरोबर आपोआप मिळते. बियाण्यास प्रथम बुरशीनाशक चोळावे आणि पेरणीच्या थोडे आधी सावलीत रायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू लावावेत.

बियाण्यासाठी दरवर्षी दुकानाकडे धाव घेण्याचे कारण नाही. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. प्रमाणित बियाण्यापासून आलेले चांगले दाणे निवडून पुढील दोन हंगाम वापरता येतात. मात्र त्याचे कवच फार पातळ असते. मळणी यंत्राचा वेग मंद ठेवावा, पोती उंचावरून आपटू नयेत, एकावर एक पाच-सहांहून अधिक रचू नयेत. मे महिन्यात घरच्या घरी उगवणीची परीक्षा करावी. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे, ओलावा राखावा व सातव्या दिवशी चांगले कोंब मोजावेत. सत्तर वा अधिक उगवले तर एकरी तीस किलो बी पुरते. सत्तरहून कमी असतील तर त्या प्रमाणात बी वाढवावे. साठांहून कमी उगवणारे बियाणे पेरणीस घेऊ नये, मोंढ्यात विकावे.

उगवणीची परीक्षा चालू असतानाच मातीचा नमुनाही काढून ठेवावा. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची व पाणी साचणारी जागा टाळून शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे वीतभर खोल खड्डे घ्यावेत. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घमेल्यात घ्यावी, ढेकळे फोडून मिसळावी, सावलीत वाळवावी आणि अर्धा किलो माती कापडी पिशवीत भरावी. पिशवीत नाव, गाव, गट क्रमांक, मागील पीक व पुढील पीक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. प्रयोगशाळेत देताना नत्र, स्फुरद व पालाश यांबरोबर गंधक व जस्त यांचीही तपासणी करून मिळावी, असे स्पष्ट सांगावे.